परदेशातील शिक्षकाचा आधार : दुआ

कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये श्रद्धावंतांना अशी शिकवण दिली आहे, की त्यांनी धैर्य व नमाज यांच्या आधारे मदत मागावी. धैर्यवानांना अल्लाहची सोबत लाभते (२:१५३). याच सूरहमध्ये त्याआधी हेही स्पष्ट केले आहे, की विनम्र अंतःकरणाच्या माणसांखेरीज इतरांना ही गोष्ट जड जाते (२:४५). या दोन आयती आपण बहुधा वेगवेगळ्या प्रसंगी ऐकतो. संकटात सापडलेल्या माणसाला पहिली सांगितली जाते आणि नमाजमध्ये आळस करणाऱ्याला दुसरी. वास्तविक त्या दोन्ही एकाच माणसासाठी असू शकतात. संकटात नमाज आधार देते हे खरेच; परंतु ज्या मनात नम्रता उरलेली नाही, ज्याला केवळ आपले गाऱ्हाणे तेवढे ऐकवायचे आहे, त्याला तीच नमाज ओझे वाटू लागते.

काही वर्षांपूर्वी परदेशात अध्यापन करीत असताना एका आठवड्यात मला याचा अनुभव आला. तो येथे मांडण्यामागे स्वतःची कहाणी सांगण्याचा हेतू नाही. कोकणातील व महाराष्ट्राच्या इतर भागांतील आपले कितीतरी बंधू-भगिनी नोकरीनिमित्त आखाती देशांत राहतात. त्यांत शिक्षकही आहेत. अडचणीच्या काळात दुआवर विसंबणे म्हणजे नेमके काय आणि ते करताना आपण कोठे चुकतो, हे त्यांना व आपणा सर्वांना तपासून पाहता यावे, एवढाच उद्देश आहे.

तीन दुआ

हजरत अबू हुरैरा (र.) यांनी कथन केलेली एक हदीस तिर्मिजी व अबू दाऊद या संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा, की तीन दुआ निःसंशय स्वीकारल्या जातात : अत्याचारपीडिताची दुआ, प्रवाशाची दुआ आणि पित्याची आपल्या अपत्याविषयीची दुआ.

परदेशात राहणाऱ्याला यांपैकी दुसरी दुआ विशेष जवळची वाटते. फिक्हच्या परिभाषेत परदेशात स्थायिक नोकरी करणारा माणूस मुसाफिर ठरत नाही. तो नमाज पूर्ण अदा करतो. तथापि घर, आई-वडील व गाव यांपासून शेकडो कोस दूर राहणाऱ्याचे मन प्रवाशाचेच असते. मीदेखील स्वतःला प्रवासी समजत होतो आणि आपली दुआ ऐकली जाणारच, असे मनाशी धरून होतो. या हदीसमध्ये आणखी दोन दुआंचा उल्लेख आहे आणि त्या करणारी माणसे आपल्या आसपासच असतात, याचे भान मला नव्हते.

रविवार ते मंगळवार

मी ओमानमधील एका शाळेत भारतीय अभ्यासक्रमाचे गणित नववी व दहावीच्या वर्गांना शिकवीत असे. तेथे शुक्रवार व शनिवारी सुट्टी असते. त्यामुळे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. जानेवारी महिना होता. दहावीच्या सराव परीक्षा चालू होत्या.

रविवारी फज्रची नमाज अदा करून उठतो, तोच रत्नागिरीहून आपाचा फोन आला. अम्मी न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडले होते. तिचे वय तेव्हा ७४ वर्षांचे. रक्तदाब व साखर आटोक्यात आणून गुरुवारी शस्त्रक्रिया करावी, असे डॉक्टरांनी ठरवले होते. शाळेत पोहोचताच मी रजेचा अर्ज दिला. परीक्षा संपेपर्यंत रजा मिळणार नाही, असे उत्तर मिळाले. ते नियमाला धरूनच होते. पण मला ते निर्दय वाटले.

सोमवारी, रात्रभर झोप नसताना, मी नववीच्या वर्गात शंकूचे पृष्ठफळ शिकवीत होतो. पर्यवेक्षक पाठनिरीक्षणासाठी मागच्या बाकावर बसले होते. पाठ रंगेना. फळ्यावरचे एक उत्तर चुकले आणि ते एका मुलीने दाखवून दिले. तेवढ्यात लक्षात आले, की एका मुलाने त्या आठवड्यातही गृहपाठ आणलेला नाही. मी त्याला उभे केले आणि तुझ्या घरी विचारणारे कोणी आहे की नाही, अशा अर्थाचे बोललो. वर्ग हसला. मुलगा काही बोलला नाही. तास संपेपर्यंत तो उभाच होता. त्याला बसायला सांगायचे मी विसरलो होतो.

मंगळवारी मुख्याध्यापकांनी बोलावले. मुलाच्या वडिलांची लेखी तक्रार त्यांच्या टेबलावर होती. गुरुवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा, असे त्यांनी सांगितले. पाठनिरीक्षणाचा अहवालही प्रतिकूल होता.

त्या रात्री मी तहज्जुदसाठी उठलो. तीन गोष्टी मागितल्या : अम्मीची शस्त्रक्रिया सुखरूप व्हावी, मला रजा मिळावी आणि ती तक्रार निकालात निघावी. पहिली मागणी करताना डोळे भरून आले. दुसरी सहज ओठांवर आली. तिसरीपाशी येताच मात्र शब्द अडखळू लागले. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेथेच अडलो. मुसल्ल्यावर बसणेही जड वाटू लागले. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या आयतीचा अर्थ मला त्या वेळी प्रथम उमगला.

शिक्षकाने काय मागावे?

कुरआनमध्ये हजरत मूसा (अ.) यांची एक दुआ आली आहे, जी प्रत्येक शिक्षकाने लक्षपूर्वक अभ्यासावी. फिरऔनकडे जाण्याचा आदेश मिळाल्यानंतर त्यांनी काय मागितले? सूरह ताहामधील वर्णनानुसार (२०:२५-३२) त्यांनी आपले अंतःकरण विशाल व्हावे, आपले काम सोपे व्हावे आणि आपल्या जिभेची गाठ सुटावी, म्हणजे लोकांना आपले म्हणणे समजेल, अशी विनंती केली. त्यानंतर आपल्या कुटुंबातील एक सहायक, आपले बंधू हारून (अ.), सोबत मिळावेत, अशी याचना केली.

या दुआतील क्रम विचार करण्याजोगा आहे. समोर फिरऔनसारखा जुलमी राजा असतानाही मूसा (अ.) सर्वप्रथम स्वतःच्या अंतःकरणाविषयी बोलतात. अरुंद मनाचा माणूस बरोबर गोष्टही चुकीच्या रीतीने सांगतो, म्हणून मनाची विशालता आधी आणि जिभेची मोकळीक नंतर. जीभ मोकळी व्हावी ती कशासाठी? आपला प्रभाव पडावा यासाठी नव्हे, तर ऐकणाऱ्याला समजावे यासाठी. शिवाय दुआ करणारा माणूस मनुष्याची मदत नाकारत नाही. ती मदतही तो अल्लाहकडेच मागतो.

माझ्या तीन मागण्यांत माझ्या मनाविषयी किंवा जिभेविषयी एक अक्षरही नव्हते. परिस्थिती बदलावी, अधिकारी बदलावेत, तक्रार नाहीशी व्हावी, एवढेच मी मागत होतो. ज्या जिभेने सोमवारी वर्गात घाव घातला होता, तिच्याविषयी मी गप्प होतो.

ताइफची दुआ

परक्या गावी सत्याची शिकवण देण्यासाठी गेलेल्या आणि तेथे नाकारल्या गेलेल्या शिक्षकाचे सर्वोच्च उदाहरण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या ताइफच्या प्रवासात आहे. प्रेषितत्वाचे ते दहावे वर्ष होते. पत्नी हजरत खदीजा (र.) व चुलते अबू तालिब यांचे निधन नुकतेच झाले होते. हजरत जैद बिन हारिसा (र.) यांना सोबत घेऊन ते ताइफला गेले. सीरतकारांच्या कथनानुसार तेथे ते सुमारे दहा दिवस राहिले. सकीफ टोळीच्या सरदारांनी उपहास केला आणि शेवटी गावातील उनाड पोरांना त्यांच्या मागे लावले. दगडांच्या माऱ्याने पावले रक्ताने भरली. रबीआचे पुत्र उत्बा व शैबा यांच्या बागेत त्यांनी आसरा घेतला. तेथे अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने त्यांना द्राक्षे आणून दिली.

त्या प्रसंगीची जी दुआ सीरतच्या ग्रंथांत आली आहे, तिचा गाभा असा आहे : प्रेषित (स.) आपल्या शक्तीच्या उणेपणाचे व साधनांच्या अभावाचे गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडतात, आणि तू माझ्यावर नाराज नसशील, तर मला दुसऱ्या कशाची पर्वा नाही, असा भाव व्यक्त करतात. त्या दुआत ताइफवासीयांच्या नाशाची मागणी नाही. परतीच्या वाटेवर पर्वतांचा देवदूत आज्ञेची वाट पाहत उभा असतानाही प्रेषितांनी शिक्षा मागितली नाही. या लोकांच्या पुढच्या पिढीत एका अल्लाहची उपासना करणारे निघतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. बुखारी व मुस्लिम या संग्रहांत हा प्रसंग हजरत आयशा (र.) यांच्या कथनातून आला आहे. पुढे हिजरी ९ मध्ये सकीफ टोळीने इस्लामचा स्वीकार केला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ताइफमध्ये प्रेषित (स.) संपूर्णपणे निर्दोष व पीडित होते. तरीही त्यांची पहिली काळजी अल्लाहच्या नाराजीची होती. आपण मात्र स्वतःचा दोष असतानाही आधी विचारतो, की लोक माझ्याशी असे का वागले? माझा रब माझ्यावर नाराज तर नाही ना, हा प्रश्न आपल्याला सुचत नाही.

मुआज (र.) यांना दिलेला इशारा

प्रेषित (स.) यांनी आपल्या हयातीच्या अखेरच्या काळात हजरत मुआज बिन जबल (र.) यांना यमनला पाठवले. ते तेथे शिक्षक म्हणूनही जात होते आणि अधिकारी म्हणूनही. इब्ने अब्बास (र.) यांनी कथन केलेल्या हदीसनुसार त्यांना पायरीपायरीने शिकवण्याची पद्धत समजावून देण्यात आली : आधी एकेश्वरत्वाची साक्ष, ती मान्य झाल्यावर पाच वेळची नमाज आणि त्यानंतर श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देण्याची जकात. मुआज (र.) व अबू मूसा अशअरी (र.) या दोघांना यमनला पाठवताना लोकांसाठी गोष्टी सोप्या करा, अवघड करू नका, अशीही ताकीद देण्यात आली होती.

मुआज (र.) यांना दिलेल्या उपदेशाचा शेवट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. अत्याचारपीडिताच्या दुआपासून सावध राहा, कारण तिच्यात आणि अल्लाहमध्ये कोणताही पडदा नसतो, असा इशारा त्यांना दिला गेला. हा इशारा कोणाला मिळाला? एका जाणत्या, परहेजगार सहाबींना, जे शिकवण्यासाठी परक्या देशी निघाले होते. ज्याच्या हाती अधिकार असतो, त्याच्या हातून अन्याय घडण्याची शक्यता असते. वर्गात शिक्षकाच्या हाती पूर्ण अधिकार असतो. चाळीस मुलांसमोर उभा केलेला मुलगा त्याला उलट उत्तर देऊ शकत नाही.

मंगळवारच्या त्या रात्री ही हदीस आठवली आणि सारे चित्र फिरले. मी स्वतःला प्रवासी समजून दुआ करीत होतो. पण त्याच शहरात एक पिता आपल्या मुलासाठी दुआ करीत असेल, आणि तो मुलगाही, ज्याच्यावर माझ्याकडून जुलूम झाला होता. हदीसमधील तीन दुआंपैकी दोन माझ्यासमोर उभ्या होत्या आणि तिसरीवरही माझा हक्क फिक्हच्या दृष्टीने संशयास्पदच होता. आपण दुआवर विसंबतो, तेव्हा तोच दरवाजा आपण दुखावलेल्या माणसासाठीही उघडा असतो, हे आपण विसरतो.

मी तिसरी मागणी सोडून दिली. तिच्या जागी इस्तिगफार केला आणि मूसा (अ.) यांच्या दुआतील मागणी आपल्या साध्या भाषेत मागितली. त्यानंतर नमाज जड वाटली नाही.

बुधवार आणि गुरुवार

बुखारी शरीफमधील एका हदीसचा आशय आहे, की ज्याने आपल्या बांधवाच्या अब्रूवर किंवा अन्य बाबतीत अन्याय केला असेल, त्याने आजच त्याच्याकडून तो माफ करून घ्यावा. कारण पुढे असा दिवस येणार आहे, जेव्हा दीनार-दिरहम उपयोगी पडणार नाहीत. अल्लाहचे हक्क तौबाने माफ होतात. माणसांचे हक्क माणसांकडे जाऊनच फेडावे लागतात. अपमान वर्गासमोर झाला होता. म्हणून बुधवारी मी वर्गासमोरच त्या मुलाची माफी मागितली. त्याने मान खाली घातली. वर्गात कोणी हसले नाही.

मधल्या सुट्टीत त्याचे वडील शाळेत आले. ते संतापलेले होते. अशा वेळी काय करावे, याचा धडा हजरत मुस्अब बिन उमैर (र.) यांच्या चरित्रात आहे. इ.स. ६२१ मधील अकबाच्या पहिल्या प्रतिज्ञेनंतर प्रेषित (स.) यांनी त्यांना यसरिब, म्हणजे आजच्या मदीना शहरी, कुरआन शिकवण्यासाठी पाठवले होते. उसैद बिन हुजैर हे तेथील एक सरदार भाला घेऊन धमकावण्यास आले, तेव्हा मुस्अब (र.) यांनी त्यांना शांतपणे विनंती केली, की बसावे, ऐकून घ्यावे, पसंत पडले तर स्वीकारावे आणि न पडले तर आम्ही थांबू. उसैद यांनी भाला जमिनीत रोवला व ते बसले. थोड्याच वेळात त्यांनी इस्लाम स्वीकारला.

येथे परिस्थिती उलट होती. ऐकायचे मला होते. मी खुर्ची पुढे केली आणि त्यांना बोलू दिले. ते पाण्याचा टँकर चालवीत; बहुधा रात्रपाळी असे. पत्नी आजारपणामुळे चार महिन्यांपूर्वी मायदेशी गेली होती. धाकट्या दोघा भावंडांचे जेवण, आंघोळ, शाळेची तयारी हा मुलगाच करीत असे. घरी विचारणारे कोणी आहे का, हा माझा प्रश्न त्याच्या वर्मी का लागला, ते मला तेव्हा कळले. माझ्या अम्मीच्या आजारपणाचा उल्लेख मी केला नाही. ती सबब झाली असती. त्यांनी माझी माफी ऐकून घेतली, हात मिळवला. पण तक्रार मागे घेणार नाही, असेही सांगितले. ते त्यांच्या हक्काचे होते. लेखी खुलाशात मी चूक मान्य केली.

त्याच दिवशी एका केरळी सहकाऱ्याला प्रथमच अम्मीविषयी सांगितले. तोवर कोणापुढे हात पसरायचा नाही, असा माझा बाणा होता आणि त्याला मी तवक्कुल समजत होतो. त्यांनी गुरुवारचे माझे दोन तास स्वतःहून घेतले. ओमानच्या घड्याळापेक्षा भारताचे घड्याळ दीड तास पुढे असते. सकाळी साडेदहाला आपाचा फोन आला, तेव्हा रत्नागिरीत दुपारचे बारा वाजले होते. शस्त्रक्रिया पार पडली होती. अल्हमदुलिल्लाह.

रजा परीक्षा संपल्यावरच मिळाली. तक्रारीची नोंद माझ्या सेवापुस्तिकेत राहिली. दुआने हे काही बदलले नाही. गुरुवारी शेवटच्या तासाला त्या मुलाने वही आणून दाखवली. पाच उदाहरणांपैकी दोन सोडवलेली होती. उरलेली तीन आम्ही दोघांनी सुट्टीनंतर बसून सोडवली.

या अनुभवातून काय घ्यावे?

१) दुआ आणि प्रयत्न यांत विरोध नाही. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले (तिर्मिजी). पाठाची तयारी करणे, झोप घेणे, सहकाऱ्याची मदत मागणे हे सर्व उंट बांधण्यातच मोडते.

२) दुआची सुरुवात स्वतःपासून करावी. परिस्थिती बदलण्याची मागणी अवश्य करावी. मात्र तिच्याआधी मन विशाल व्हावे व जीभ सुधारावी, हे मागावे.

३) दुआ अडखळत असेल, तर कोणाचा हक्क आपल्याकडे राहिला आहे का, हे तपासावे. हाताखालचे लोक, विद्यार्थी, घरातील माणसे यांचा विचार आधी करावा.

४) घाई करू नये. मी दुआ केली पण ती स्वीकारली गेली नाही, असे म्हणून माणूस उतावीळ होत नाही, तोपर्यंत दुआ स्वीकारली जाते, असे हदीसमध्ये आले आहे (बुखारी व मुस्लिम). मुस्नद अहमदमधील एका हदीसनुसार दुआचे फळ तीन प्रकारे मिळते : मागितलेले लगेच मिळते, किंवा परलोकासाठी राखून ठेवले जाते, किंवा त्याच्या तोडीचे एखादे संकट टळते.

५) विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या पाठीमागे दुआ करावी. मुस्लिम शरीफमधील हदीसप्रमाणे आपल्या बांधवासाठी त्याच्या अनुपस्थितीत दुआ करणाऱ्याला देवदूत आमीन म्हणतो आणि त्यालाही तेवढेच मिळावे, अशी प्रार्थना करतो. हजेरीपटावरील नावे रोज वाचणाऱ्या शिक्षकाला याहून सोपी इबादत कोणती? ज्या मुलाचे नाव आपण रात्री दुआत घेतले, त्याला सकाळी वर्गात अपमानित करणे फार कठीण जाते.

प्रिय वाचकहो, घरापासून दूर असलेल्या माणसाला दुआचा आधार लाभतो, ही अल्लाहची मोठी कृपा आहे. पण हा आधार एकट्या आपल्यासाठी राखून ठेवलेला नाही. ज्या दारात आपण उभे असतो, तेथेच आपण दुखावलेला माणूसही उभा असू शकतो. त्या दारात जाण्यापूर्वी त्याच्याकडे जाऊन यावे.

हे अल्लाह! परमुलखात ज्ञानदान करणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींचे मन विशाल कर, त्यांच्या जिभेने कोणाचे मन दुखावू देऊ नकोस, घरी त्यांची वाट पाहणाऱ्या आई-वडिलांचे रक्षण कर आणि कोणाही पीडिताच्या दुआस आम्हाला कारण ठरवू नकोस. आमीन.